रिकाम्या जात्याचा आवाज: संबळ, सुंद्री आणि ब्लॅक मेटल एका अल्बमात बसवताना

पहिला डेमो फसला तो क्रमामुळे. ड्रम्स आणि गिटार आधी क्लिकवर (कानात ठराविक वेगाने पडणाऱ्या टकटकीवर) रेकॉर्ड केले, बेस घातला, गायन उरकलं आणि मग संबळवाल्या नानांना हेडफोन लावून सांगितलं, "आता यावर वाजवा." नानांनी वाजवलं. ठोका न् ठोका जागेवर पडला, पण ऐकताना वाटत होतं की शेजारच्या मांडवातला आवाज चुकून माइकमध्ये शिरलाय. संबळाची लय गाणाऱ्याच्या श्वासाबरोबर पुढेमागे होते. तिला २००च्या क्लिकला बांधलं की ती यंत्रासारखी वाजते, आणि यंत्र तर आमच्याकडे आधीच होतं.

दुसऱ्या वेळी सगळं उलटं केलं. आधी कातडं आणि पत्ती (सुंद्रीची फुंकायची जीभ), मग तारा. लोकवाद्यांनी लय आणि पट्टी ठरवायची, गिटार-ड्रम्सनी त्यांच्यामागे जायचं. पुढे जे लिहिलंय ते या उलट्या क्रमाबद्दल: मापं काय ठेवली, कुठे बिघडलं, का बिघडलं.

अल्बम सहा तुकड्यांचा, ४१ मिनिटांचा. विषय १९७२चा दुष्काळ: खडी फोडायची कामं, सुकडी, मिलोच्या लाल भाकरी. वाद्यं म्हणजे संबळ, तुणतुणं, सुंद्री, हलगी आणि जातं. त्यांच्यासोबत ब्लॅक मेटलचा, म्हणजे भरधाव ड्रम्स, खरखरीत गिटार आणि ओरडून गायन असलेल्या रॉकचा संच: दोन गिटार, बेस, ड्रम्स आणि थोडा सिंथ. तारप्याचाही विचार झाला होता. त्याचा अखंड घुमणारा सूर अ‍ॅटमॉस्फेरिक ब्लॅक मेटलला हवा तसाच आहे. पण तारपा डहाणू-जव्हारकडचा, नव्या पिकाच्या आनंदाचा. पठारावरच्या दुष्काळात तो केवळ आवाज चांगला म्हणून आणणं बरं वाटलं नाही. गड, घोडे आणि तलवारीही ठरवून बाहेर ठेवल्या. युरोपात लोकसंगीत आणि ब्लॅक मेटल यांची सांगड घालणाऱ्यांतले काही जण 'आमची माती, आमचं रक्त' करत वंशद्वेषापर्यंत कसे जाऊन पोचले ते माहीत आहे.

ब्लॅक मेटलमध्ये लोकसंगीत आणणं तसं जुनंच. नॉर्वेच्या उल्वरने १९९५च्या 'बर्गटाट'मध्ये संथ गाणं आणि अकूस्टिक गिटार थेट ट्रेमोलो गिटारच्या (एकच सूर भरभर छेडत राहणाऱ्या गिटारच्या) मांडीला मांडी लावून बसवले. अमेरिकेतल्या पॅनॉप्टिकॉनने २०१२च्या 'केंटकी'मध्ये कोळसा खाणकामगारांची गाणी आणि बँजो आणला. दोन्ही ऐकून शिकण्यासारखं खूप आहे, पण एक अडचण तिथे सुटत नाही. बँजोची पट्टी खुंटी पिळली की जुळते. सुंद्रीला भोकं पाडलेली असतात आणि हलगीला खुंटीच नसते.

सहा मात्रांत ब्लास्ट बीट

नानांनी धरलेला ठेका सहा मात्रांचा होता, दादऱ्याच्या चालीचा, पण वजन वेगळं. पहिल्या आणि चौथ्या मात्रेवर जोर. ब्लॅक मेटलचा ड्रमर आयुष्यभर चारात मोजत आलेला असतो, त्यामुळे पहिल्या तालमीत दोघं एकमेकांच्या अंगावर पडत होते. सुटका हिशेबाने झाली.

सहा मात्रांचं आवर्तन तीन-तीनच्या दोन भागांत पडतं. असे भाग मिनिटाला १३० पडत असतील तर मात्रा होतात ३९०. साध्या ब्लास्ट बीटमध्ये, म्हणजे ब्लॅक मेटलच्या भरधाव ठेक्यात, किक (पायाचा मोठा ड्रम) आणि स्नेअर (हाताचा चढा ड्रम) आलटून पालटून पडतात. प्रत्येक मात्रेवर किक आणि दोन मात्रांच्या मधल्या फटीत स्नेअर ठेवली की मिनिटाला ७८० ठोके होतात. ७८० भागिले ४ म्हणजे १९५. ड्रमरच्या भाषेत हा १९५ बीपीएमचा (मिनिटाला १९५ बीटचा) ब्लास्ट, त्याचा रोजचा वेग. हाताला नवीन काहीच शिकायचं नव्हतं, फक्त मोजणी बदलायची होती: चार-चार किकच्या गटांऐवजी सहा किकचं एक आवर्तन. सोपा नियम असा की संबळाच्या त्या भागांचा वेग दीडपट केला की ब्लास्टचा बीपीएम मिळतो. १२४ असेल तर १८६, १३१ असेल तर १९६.५.

गडबड उरते ती क्रॅश सिंबलची. सवयीने ड्रमर चार किक झाल्या की क्रॅश मारतो, आणि दोन आवर्तनांतून एकदाच तो संबळाच्या समेवर येतो. मधल्या वेळी ऐकणाऱ्याला वाटतं कुणीतरी चुकतंय. आम्ही तालमीत क्रॅश स्टँडवरून काढूनच ठेवला. आठवडाभर फक्त किक, स्नेअर आणि तोंडाने मोजलेल्या सहा मात्रा. मग क्रॅश परत लावला, तोही फक्त समेसाठी.

संबळ उभ्यानेच

रेकॉर्डिंगच्या पहिल्या दिवशी क्लिक नव्हता. एका खोलीत संबळ, तुणतुणं आणि नुसता अंदाज देणारा आवाज, असे तिघं एकदम रेकॉर्ड केले. नानांना स्टूल दिलं होतं. दोन टेक झाल्यावर ते स्वतःच म्हणाले, "बसून हात मरतोय." संबळ कंबरेला बांधून उभ्याने, पाय हलवत वाजवायचं वाद्य आहे, आणि पाय थांबले की लय जड होते. जमिनीवर चिकटपट्टीने दोन फुटांचा चौकोन आखला आणि सांगितलं, एवढ्यात हवं तसं हला.

वाजवणारा हलतो, म्हणून माइक फार जवळ ठेवून उपयोग नसतो. चढ्या बाजूला शुअर एसएम५७, वरून तिरका, २५ सेंटीमीटरवर. खर्जाच्या बाजूला मोठ्या डायफ्रामचा कंडेन्सर, ४० सेंटीमीटरवर. समोर मीटरभर अंतरावर स्टीरिओ जोडी. अंतिम मिक्समध्ये आवाजाचा मोठा भाग या समोरच्या जोडीचाच आहे. जवळचे दोन माइक फक्त धार द्यायला. जवळचा आणि लांबचा माइक यांच्यात ३४ सेंटीमीटरचा फरक म्हणजे साधारण एक मिलिसेकंद. ७५ सेंटीमीटरचा फरक म्हणजे दोन मिलिसेकंदांहून जास्त, आणि तेवढ्यात खर्ज पोकळ होतो. ट्रॅक नंतर मागेपुढे सरकवून जुळवले, पण कान लावून. आकृती पाहून जुळवलेलं दर वेळी बरं वाजतंच असं नाही.

गेनबाबत (माइकचा आवाज किती वाढवून घ्यायचा याबाबत) एकच सूचना: तालमीत नाना जे वाजवतात त्यापेक्षा टेकमध्ये जोरात वाजवणार. मीटरची शिखरं उणे १२ डेसिबलवर ठेवली होती, तरी दोनदा उणे ३पर्यंत गेली. २४ बिटमध्ये खाली जागा भरपूर असते, वर नसते.

टेक मिळाल्यावर टेम्पोचा नकाशा काढला. म्हणजे सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक समेवर खूण करून ग्रिड संबळाला चिकटवायची. इथे आमची पहिली चूक: खुणा प्रत्येक मात्रेवर केल्या. त्या नकाशावरून निघालेला क्लिक इतका थरथरत होता की ड्रमर वैतागला, कारण माणसाच्या हाताचा सूक्ष्म फरक क्लिकमध्ये जसाच्या तसा आला होता. मग खुणा चार आवर्तनांतून एक ठेवल्या. मोठी लाट नकाशात राहिली, बारीक थरथर गेली. पहिला तुकडा १२४ला सुरू होऊन १३१ला संपतो. तो तसाच ठेवलाय. क्लिकचा आवाजही बदलला: पहिल्या मात्रेवर लाकडी टक्, बाकी पाच दबकी. नेहमीचा चारचा बीप दिला की ड्रमर पुन्हा चारात जातो.

काळी दोन, पण पुरती नाही

सुंद्री म्हणजे सोलापूरकडचं, सनईच्या जातीचं पण तिच्याहून लहान वाद्य. आवाज बारीक, टोकदार आणि रडवेला. ट्रेमोलो गिटारच्या धुक्यातून वर येणारा दुसरा आवाज आम्हाला सापडला नाही. पण तिची पट्टी भोकांनी आणि पत्तीने ठरते. ओठांच्या दाबाने सूर थोडा वरखाली करता येतो, पण तीस-चाळीस सेकंदांचा लांब सूर धरायचा असेल तर ओठ थकतात आणि सूर आपल्या घरी परत जातो. सुंद्रीवादकाला "जरा चढवून धरा" सांगणं म्हणजे तिसऱ्या मिनिटाला बेसूर मागून घेणं.

वादक म्हणाले, "काळी दोन." म्हणजे डी शार्प. मोजलं तर डी शार्पच्या ३५ सेंट खाली (शंभर सेंट म्हणजे अर्धा सूर), आणि तेही वाद्य दहा मिनिटं फुंकून पत्ती भिजल्यावर. कोरड्या पत्तीवर घेतलेलं माप खरं धरू नका, ते सरकतं. म्हणून गिटारच खाली आणल्या. सहाही तारा अर्धा सूर उतरवल्या आणि ट्यूनरचा 'ए' ४४०वरून ४३१ हर्ट्झवर आणला. सर्वांत जाड तार ७६ हर्ट्झच्या आसपास येते.

इथे एक बारीक खोच आहे. पायाने दाबायचे बरेच पेडल ट्यूनर ४३६ ते ४४५ एवढ्यातच फिरतात, ४३१ त्यांना जमत नाही. संगणकावरचा किंवा मोबाइलवरचा ट्यूनर घ्यावा लागतो. सिंथलाही फाइन ट्यूनमध्ये उणे ३५ सेंट द्यायचे. आम्ही एका तुकड्यात ते विसरलो, आणि सिंथचा पॅड गिटारखाली असा घुसमटत होता की दोन दिवस दोष इक्यूला (वरच्या-खालच्या पट्ट्यांच्या तोलाला) देत बसलो.

तुणतुण्याचं काम सोपं. एक तार, एक खुंटी, सुंद्रीच्या षड्जाला लावायची. पण ताण धरणारं कातडं हवेप्रमाणे सैल-घट्ट होतं, म्हणून दर टेकच्या आधी सूर तपासायचा. तुणतुण्याची टुणटुण ट्रेमोलो पिकिंगच्या शेजारी ठेवली की दोन्ही एकाच कुळातले वाटतात: एकच सूर, न थांबता, त्याच तारेवर. अल्बममधला आमचा सगळ्यात आवडता जोड हाच आहे आणि तो शोधायला काहीच करावं लागलं नाही.

हलगी शेकायची कुठे?

हलगी शेकल्याशिवाय बोलत नाही. कातडं तापलं की ओल निघून जाते, ताण वाढतो आणि तो कडकडाट येतो. गावात पाचट किंवा कागद पेटवतात. चौथ्या मजल्यावरच्या स्टुडिओत ते शक्य नाही, आणि स्मोक डिटेक्टर वाजला की टेकबरोबर अनामत रक्कमही जाते. हेअर ड्रायरने तापवून पाहिलं. फक्त मध्यभाग तापतो, कडा थंड राहतात आणि आवाज चिरका येतो. शेवटी विजेची शेगडी चालली: हलगी वीतभर उंचीवर धरून, कडेने गोल फिरवत, तीन-चार मिनिटं. हात लावून पाहायचं. चटका बसेल इतकी तापली तर कातडं फाटायची भीती.

पावसाळ्यात ती दर पंधरा मिनिटांनी उतरते. एसी चालू ठेवला तर हवा कोरडी होऊन जास्त टिकते, पण एसीचा आवाज माइकमध्ये येतो. म्हणून टेकच्या आधी तासभर एसी, टेकमध्ये बंद. दोन हलग्या हव्यात, एक वाजते तेव्हा दुसरी शेगडीवर. एकच असेल तर एकाच गाण्यात सुरुवातीची हलगी आणि शेवटची हलगी वेगळ्या वाजतात, आणि हे कुठल्याही प्लगिनने झाकत नाही.

गिटार: कमी गेन, जास्त मनगट

नवीन माणूस ब्लॅक मेटलची गिटार म्हणजे गेन दहावर असं समजतो. ट्रेमोलोत दर सेकंदाला तेरा ठोके पडतात. गेन जास्त झाला की प्रत्येक ठोक्याचं तोंड बोथट होऊन सगळ्याचा मिळून एक भुंगा होतो. अँपचा गेन पाच-साडेपाच, मिड सातपर्यंत, बास तीन. मिड कापून 'स्कूप' करायची सवय इथे घातक, कारण रिफची चाल मिडमध्येच असते. तारा १०-५२, पिक एक मिलिमीटरचं, टोक झिजलं की फेकायचं. एका तासात एक पिक सहज जातं.

माइक स्पीकरच्या मध्यापासून तीन बोटं बाहेर. प्रत्येक रिफ दोनदा वाजवून डावी-उजवी ठेवली. चारदा वाजवून भिंत जाड करायचा मोह होतो, पण चार थर झाले की संबळाला जागा उरत नाही. नंतर १०० हर्ट्झच्या खालचं आणि ९ किलोहर्ट्झच्या वरचं कापलं.

संबळाचे हरकतीचे बोल ट्रेमोलोत आणायचा प्रयत्नही केला. उजव्या हाताने संबळाची नक्कल. ऐकायला करामत वाटते, संगीत वाटत नाही. सोडून दिलं. गिटारने स्थिर राहायचं आणि संबळाने बोलायचं, ही वाटणी शेवटपर्यंत टिकली.

ओरडायचं मराठीत

शब्द बसवताना छंद आपोआप मिळाला. सहा मात्रांच्या आवर्तनाला ६-६-६-४ अक्षरांचा मोठा अभंग, म्हणजे देवद्वार छंद, अगदी मापाचा कपडा आहे. मात्रा मिनिटाला ३९० असताना मात्रेला एक अक्षर ओरडणं कुणाच्याही फुप्फुसाला झेपणार नाही. म्हणून एका अक्षराला दोन मात्रा. एक चरण दोन आवर्तनं घेतो. चौथ्या चरणात चारच अक्षरं, म्हणजे शेवटी चार मात्रा रिकाम्या राहतात, अर्ध्या सेकंदाहून थोड्या जास्त. त्या फटीत सगळी वाद्यं थांबतात आणि फक्त संबळाचा खर्ज वाजतो. उदाहरणार्थ,

भाकरीच्या आधी
उन्हं आली माथी
खडी फोडी हाती
रिकाम्याच

कागदावर ठीक. ओरडताना शेवटचा 'च' फुटाणा फुटल्यासारखा वाजला. ऱ्हस्व, तोंड मिटवणारं अक्षर, मागे हवेला जागाच नाही. 'रिकामिया' केलं. अक्षरं चारच, जुन्या वळणाचं रूप, आणि शेवटी मोकळा 'या'. दोन आवर्तनं ओढता येतो. त्यानंतर सगळ्या कवितांची शेवटची अक्षरं तपासली. आ, या, ऐ चालतात. ऊ आणि ई ओरडताना गळा आवळतात. ठ, ध, भ अशी हवा फेकणारी अक्षरं सलग आली की श्वास चरणाच्या मधेच संपतो, म्हणून एका चरणात दोनपेक्षा जास्त नकोत. 'ळ' मात्र ओरडण्यातही टिकतो. जीभ मागे वळते आणि आवाज एकदम काळवंडतो. दुष्काळ हा शब्द त्यामुळेच चार वेळा आलाय, कवितेला त्याची गरज होती असं नाही.

माइक शुअर एसएम७बी, ओठांपासून चार-पाच सेंटीमीटर, थोडा बाजूला, म्हणजे हवेचा फटका थेट बसत नाही. एका बैठकीत चाळीस मिनिटं, त्यापुढे नाही. घशात खवखव सुरू झाली म्हणजे तंत्र चुकतंय. कोमट पाणी पिऊन पुढे रेटण्याने काही सुधारत नाही, त्या दिवसापुरतं थांबायचं.

बारव, पाऊस

सगळ्या वाद्यांना एकाच जागेत उभं करायला एक रिव्हर्ब, म्हणजे जागेचा घुमारा, हवा होता. तयार हॉलचे रिव्हर्ब चर्चसारखे वाजतात. मराठवाड्यातल्या एका बारवेत, खाली पायऱ्या उतरून पाण्याच्या काठाशी, फुगा फोडून त्याचा प्रतिध्वनी रेकॉर्ड केला आणि तो कन्व्होल्यूशन रिव्हर्बमध्ये (कुठल्याही आवाजाला त्या जागेचा घुमारा देणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) घातला. फुगा मोठा हवा, फूट-दीड फुटाचा; लहान फुग्यात खर्ज नसतो. माइक पाच मीटरवर, गेन अगदी खाली, कारण फुटण्याचा आवाज फाटला तर पुढचं सगळं वाया. तीनदा फोडला, प्रत्येकी दहा सेकंद कुणी हलायचं नाही. पारवे असतातच. ते उडाल्यावर पाच मिनिटं थांबून पुन्हा. आधी गावात विचारलं, आणि फुटलेल्या फुग्यांचे तुकडे वेचून आणले. दगडी भिंती असल्याने शेपूट लांब येते. आम्ही दोन सेकंदांवर कापली, नाहीतर १९५च्या ब्लास्टखाली सगळं चिखल होतं.

पाऊस रेकॉर्ड करायचा तर माइक छत्रीखाली ठेवू नका. टपटप कापडावरची येते, पावसाची नाही. पागोळीच्या आत दोन मीटर, केसाळ वाऱ्याचं कव्हर घालून, ८० हर्ट्झचा लो-कट लावून. पत्र्यापेक्षा कौलावरचा पाऊस मिक्समध्ये बसतो, कारण पत्र्याचा पाऊस गिटारच्याच पट्ट्यात वाजतो. पाऊस अल्बममध्ये एकदाच आहे, पाचव्या तुकड्याच्या शेवटी, वीस सेकंद.

मिक्स

संबळ ऐकू येईना म्हणून फेडर (आवाज कमीजास्त करायची सरकपट्टी) वर, मग गिटार वर, मग सगळंच वर, असा आमचा आठवडा गेला. अडचण मांडणीत होती. संबळाच्या चढ्या बाजूची धार ३ ते ५ किलोहर्ट्झमध्ये असते आणि राइड सिंबल नेमकं तेच झाकतं. जिथे संबळ बोलतं तिथे राइड काढून टाकलं, ड्रमर फ्लोअर टॉमच्या काठावर गेला, आणि फेडर पाच डेसिबलने खाली आला. खर्जाच्या बाजूला बेस गिटार भांडत होती, तर त्या जागी बेसने एक सप्तक वर लांब सूर धरला. सुंद्री येते तेव्हा गिटारचा २.५ ते ३.५ किलोहर्ट्झचा पट्टा दोन डेसिबलने आपोआप खाली जातो असं साइडचेन लावलं. दोनच. चार केले तर गिटार श्वास घेताना ऐकू येते.

कच्चा, खरखरीत आवाज हा ब्लॅक मेटलचा बाज आहे, आणि तो सगळ्या मिक्सवर एकदम चढवायची घाई होते. टेपसारखं डिस्टॉर्शन सगळ्यावर घातलं तेव्हा संबळ तेलाच्या डब्यासारखं झालं. खरखर फक्त गिटार आणि ड्रम्सच्या एकत्र गटावर ठेवली, संबळाला मूळ आवाजाच्या समांतर, वीस टक्के. मोबाइलच्या स्पीकरवर संबळाचा खर्ज गायबच होतो, तेवढ्यापुरता तो समांतर थर कामाला आला. मास्टर उणे ११ एलयूएफएस (सरासरी जोराचं माप), शिखर उणे १ डेसिबल. स्ट्रीमिंगवाले उणे १४च्या आसपास आणतातच, मग उणे ७पर्यंत दाबून संबळाचं कातडं चपटं करण्यात काय मिळवायचं?

कागद आणि बोल

संबळ गोंधळाचं वाद्य, आणि गोंधळ हा विधी आहे. नानांनी ठेका दिला, हाळी दिली नाही, आणि आम्ही मागितलीही नाही. देवीची नावं अल्बममध्ये नाहीत. फोटोत चेहरा काळा-पांढरा रंगवून संबळ हातात धरायची कल्पना कुणाला तरी सुचली होती, ती नानांना विचारण्याआधीच बारगळली. पत्रकात 'आदिम', 'रानटी' ही विशेषणं नकोत असंही ठरवलं. हलगी ज्या समाजांनी पिढ्यान्‌पिढ्या, बऱ्याचदा सक्तीने, वाजवली त्यांच्याबद्दल ही विशेषणं याआधी भरपूर वापरून झाली आहेत.

वादकांशी करार मराठीत, दोन पानांचा. १९५७च्या कॉपीराइट कायद्याचं ३८वं कलम वादकालाही त्याच्या सादरीकरणावर ५० वर्षांचा हक्क देतं, आणि २०१२च्या दुरुस्तीने त्यात भर पडली. "एकदाचे पैसे घ्या आणि विषय संपला" या पद्धतीने काम केलं तर हा हक्क कागदावरच राहतो. आम्ही दिवसाची बिदागी वेगळी दिली आणि विक्रीतला वाटा वेगळा लिहिला. नाव मुखपृष्ठाच्या आत, गिटारवाल्यांच्याच टाइपात.

जातं

पहिला तुकडा दाणे घातलेल्या जात्याने सुरू होतो आणि सहावा रिकाम्या जात्याने संपतो. दोन्ही ९६ किलोहर्ट्झला रेकॉर्ड केले, कारण नंतर वेग निम्मा करायचा होता. निम्म्या वेगाला सूर एक सप्तक खाली येतो आणि वरचा पट्टा अर्ध्यावर येतो. ४८ला केलं असतं तर आवाज गोधडीखाली गेला असता. एक काँटॅक्ट माइक खालच्या दगडाला डबल टेपने चिकटवला, एक साधा माइक खुंट्याच्या उंचीवर. खाली पोतं घातलं, नाहीतर फरशीचा थरकाप काँटॅक्ट माइकमध्ये शिरतो.

ज्वारी मूठमूठ घातली की आवाज भरीव येतो, घरघर, आणि प्रत्येक फेऱ्यात एका जागी थोडा जड. तो जडपणा हीच लय. दळणाऱ्या मावशी दाणे संपत आले की आपोआप हात सावकाश करायच्या. आम्ही त्यांना तसंच चालू ठेवा म्हणालो तेव्हा त्यांनी खुंटा सोडून दिला. "रिकामं जातं फिरवू नये. दगड दगडाला खातो." दगड खातो हे शब्दशः खरं. दाणे नसताना दोन दगड थेट घासतात, टाकीने पाडलेल्या खाचा झिजतात, आणि पुढच्या दळणात पिठात कच येते. म्हणून दुसऱ्या एका जात्यावर, ज्याला पुढे दळायचंच नव्हतं, ते केलं. सुरुवातीला किर्र, कानाला टोचणारं, ४ किलोहर्ट्झच्या आसपास. तिसऱ्या मिनिटाला खाचा गुळगुळीत होऊन तो टोकदारपणा कमी व्हायला लागला, पाचव्याला नुसता सुस्कारा उरला. दुसरा टेक घ्यायचा तर टाकी लावून घ्यावी लागली असती, आणि टाकी लावणारं त्या गावात आता कुणी येत नाही. पहिलाच टेक ठेवला, साडेपाच मिनिटांचा, निम्म्या वेगाने अकरा मिनिटं. त्यावर गिटार फक्त पहिल्या चारांत आहे.